बंद पडलेले इंजिन आणि पडद्यावरचे वैमानिक

विमानाचे इंजिन हवेत बंद पडले तर काय होत असेल? आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात हा प्रश्न वर्षातून निदान दोनदा डोकावतो. एकदा भारतात जाताना आणि एकदा लोणची-पापडांच्या पिशव्या घेऊन परत येताना. स्किपोलच्या आसपास, ॲमस्टेलवेन-होफडॉर्पला राहणाऱ्यांना तर विमाने घड्याळासारखी झाली आहेत. प्रश्न आपला असला तरी उत्तर आपण बहुधा चित्रपटाकडून घेतो. लाल दिवे लागतात, भोंगा वाजतो, प्रवासी किंचाळतात आणि कपाळावर घामाचा थेंबही न येऊ देता एक शूर कप्तान सगळ्यांना वाचवतो. विमान वाचले नाही, तर त्याच कप्तानाला खलनायक ठरवायला आपण अर्धा दिवससुद्धा घेत नाही.

१२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७८७ उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ असे २६० जीव गेले. त्या विमानाच्या कर्मचाऱ्यांत डोंबिवली, बदलापूर, पनवेल भागातली मुले-मुली होती, त्यामुळे ही बातमी अनेक मराठी घरांत नात्यातल्या बातमीसारखी शिरली. आणि त्याच संध्याकाळी फोनवर निकालपत्रेही फिरू लागली. कोणी वैमानिकाला दोषी ठरवले, कोणी कंपनीला, कोणी पक्ष्यांना. हे निकाल देण्याची सवय आपल्याला कोणी लावली, हा विचार करताना दोन दृश्यकृती पुन्हा पाहाव्याशा वाटल्या. एक अमेरिकन चित्रपट ‘सली’ (२०१६) आणि दुसरी आपल्या या डच भूमीवरची मालिका ‘रॅम्पफ्लुख्त’ (२०२२). दोन्हींच्या मुळाशी इंजिने गमावलेले विमान आहे आणि दोन्ही खऱ्या घटनांवर आधारलेल्या आहेत. करमणूक म्हणून दोन्ही उत्तम आहेत. पण इंजिन बिघडल्यावर माणसे खरोखर काय करतात आणि त्यानंतर सत्य कसे शोधले जाते, याबद्दल त्या आपल्याला काय शिकवतात, हे तपासणे हा या लेखाचा हेतू.

त्यासाठी आधी हातात मोजपट्टी हवी, म्हणून थोडी रुक्ष माहिती. दोन इंजिनांचे प्रवासी विमान एका इंजिनावर उडू शकते, चढू शकते आणि उतरू शकते, हे सिद्ध झाल्याशिवाय त्याला परवानाच मिळत नाही. त्यामुळे एक इंजिन बंद पडणे ही गंभीर गोष्ट असली तरी वैमानिकांनी सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा गिरवलेला तो धडा असतो. त्या धड्याचा क्रम ठरलेला आहे. आधी विमान उडते ठेवायचे, मग कुठे जायचे ते ठरवायचे आणि मग नियंत्रकाशी बोलायचे. एकाने विमान सांभाळायचे, दुसऱ्याने छापील यादी काढून ओळीने वाचायची. इंजिन बंद करायचे झाले तर एकाने त्या इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवायचा, कोणते ते मोठ्याने म्हणायचे, आणि दुसऱ्याने पाहून होकार दिल्यावरच दांडा ओढायचा. पाहणाऱ्याला हा सारा प्रकार सत्यनारायणाच्या पूजेइतका संथ वाटेल. पण त्या संथपणाची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजलेली आहे.

८ जानेवारी १९८९ ला लंडनहून बेलफास्टला निघालेल्या ब्रिटिश मिडलँडच्या बोइंग ७३७ मध्ये डाव्या इंजिनाचे पाते तुटले. धडधड सुरू झाली, धुराचा वास आला, आणि वैमानिकांनी घाईत उजवे, म्हणजे चांगले इंजिन बंद केले. योगायोगाने त्याच वेळी धडधड कमी झाली आणि निर्णय बरोबर होता असा त्यांचा समज पक्का झाला. उतरण्याच्या बेतात असताना डावे इंजिनही गेले आणि विमान केगवर्थ गावाजवळ रस्त्याच्या भरावावर आदळले. ४७ माणसे गेली. या कथेतला सर्वांत बोचरा भाग वेगळाच आहे. उजव्या इंजिनात बिघाड झाल्याची घोषणा कप्तानाने केली, तेव्हा मागच्या काही प्रवाशांनी डाव्या बाजूला ठिणग्या पाहिलेल्या होत्या. पण एकही जण बोलला नाही. कप्तानाला आपल्यापेक्षा जास्त कळते, असे प्रत्येकाने गृहीत धरले. ‘मोठ्यांच्या मध्ये बोलू नये’ या संस्कारात वाढलेल्या आपण मंडळींनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

आता ‘सली’कडे वळू. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून निघालेल्या यूएस एअरवेजच्या एअरबस ए३२० ला हंसांचा थवा धडकला आणि दोन्ही इंजिने गेली. कप्तान चेस्ली सलेनबर्गर आणि सहवैमानिक जेफ्री स्काइल्स यांनी विमान हडसन नदीत उतरवले. सर्व १५५ जण वाचले. पक्षी धडकल्यापासून पाण्याला टेकेपर्यंत गेलेला वेळ २०८ सेकंद. एवढ्याशा घटनेवर तास-दीड तासाचा चित्रपट कसा करायचा, हा दिग्दर्शक क्लिंट ईस्टवुडपुढचा प्रश्न होता. त्याने ती २०८ सेकंदे पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या कोनांतून दाखवली आणि मधल्या जागेत कप्तानाच्या मनातली भीती भरली. टॉम हँक्सने हा कप्तान फार जपून साकारला आहे. त्याचा आवाज चढत नाही, हात थरथरत नाही, पण रात्री हॉटेलच्या खोलीत त्याला झोप येत नाही. ॲरन एकहार्टचा स्काइल्स त्याच्या बरोबरीने उभा राहतो, आणि हे महत्त्वाचे आहे. कारण कॉकपिटमधली ती दृश्ये खऱ्या कामाच्या खूप जवळ जातात. एक जण विमान हाती घेतो, दुसरा यादी उघडून इंजिन पुन्हा सुरू करण्याची धडपड करतो. कोणी ओरडत नाही, भाषण देत नाही. हवाई सुंदरींचा एका सुरातला इशारा आणि नदीवरच्या फेरीबोटींची धावपळ यांनाही चित्रपट त्यांचा वाटा देतो. वाचवणारा एकटा नव्हता, हे तो मान्य करतो.

एक बारकावा सांगितलाच पाहिजे. दोन्ही इंजिने गेल्यावर वाचायची ती यादी विमान खूप उंचावर आहे, म्हणजे हाताशी भरपूर वेळ आहे, असे धरून लिहिलेली होती. हडसनवर ते विमान तीन हजार फुटांच्या आसपास होते. यादीचा सुरुवातीचा भागच वाचून होईपर्यंत नदी आली. शेपटीतले छोटे सहायक इंजिन, जे विमानाला वीज पुरवते, ते सलेनबर्गर यांनी यादीत येण्याची वाट न पाहता सुरू केले. तपास अहवालाने या कृतीचे महत्त्व आवर्जून नोंदवले. यादी पाठ असणे आणि यादी कुठे अपुरी पडते हे ओळखणे, या दोन्ही गोष्टी अनुभवाच्या आहेत. दुसरी गोष्ट पहिलीशिवाय येत नाही. शास्त्रीय गाण्यात तान घेण्याचा अधिकार सूर पक्का झालेल्यालाच मिळतो, तसेच हे.

इथवर चित्रपटाला पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नाही. पण ईस्टवुडला खलनायक हवा होता. हंस तर मेले होते. मग त्याने अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचे तपासनीस धरून आणले. चित्रपटात हे लोक पहिल्या दिवसापासून कप्तानाला गोत्यात आणायला टपलेले आहेत. सिम्युलेटरवरच्या वैमानिकांनी विमान सहज परत आणून दाखवले असे सांगून ते त्याला कोंडीत पकडतात. शेवटच्या सुनावणीत कप्तान विचारतो, या वैमानिकांना काय घडणार हे आधीच माहीत होते; माणसाला विचार करायला लागणारा वेळ तुम्ही धरला का? मग ३५ सेकंदांचा उशीर धरून प्रयोग होतो, विमान कोसळते आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात.

प्रसंग जमून आलेला आहे, पण प्रत्यक्षात हे असे घडले नाही. ३५ सेकंदांचा उशीर धरून पाहण्याचा प्रयोग तपासनिसांनी स्वतःच केला होता. २०१० च्या त्यांच्या अहवालाने नदीत उतरण्याचा निर्णय योग्य ठरवला आणि छापील यादी कमी उंचीसाठी अपुरी आहे, हेही सांगितले. खुद्द सलेनबर्गर यांच्या आग्रहावरून चित्रपटातल्या तपासनिसांची खरी नावे बदलण्यात आली, यातच सगळे आले. चित्रपटाला थोडे स्वातंत्र्य लागते, हे मान्य. पण इथे नाट्यासाठी बळी दिला गेला तो नेमक्या त्या संस्थेचा, जिच्यामुळे पुढचे विमान वाचते. चौकशी म्हणजे कोणाला तरी अडकवणे, ही समजूत घेऊन प्रेक्षक घरी जातो, आणि पुढच्या अपघाताच्या दिवशी तीच समजूत आपल्या फोनवर उतरते.

चौकशीने काय साधते, याचे उदाहरण शोधायला न्यूयॉर्कला जायची गरज नाही. ते आपल्या रोजच्या ओळखीच्या निळ्या विमानांचेच आहे. १५ डिसेंबर १९८९ ला केएलएमचे ८६७ क्रमांकाचे उड्डाण ॲमस्टरडॅमहून अँकरेजमार्गे टोकियोला निघाले होते. जेमतेम सहा महिन्यांचे बोइंग ७४७-४००, आत २३१ प्रवासी आणि १४ कर्मचारी. अलास्कातला रिडाउट ज्वालामुखी आदल्याच दिवशी जागा झाला होता. अँकरेजला उतरण्यासाठी खाली येत असलेले विमान साध्या ढगासारख्या दिसणाऱ्या राखेत शिरले. कॉकपिटमध्ये धूर आणि गंधकाचा वास पसरला. वैमानिकांनी जे कोणालाही सुचेल तेच केले. त्यांनी पूर्ण जोर देऊन वर चढून ढगातून बाहेर पडायचा प्रयत्न केला. थोड्याच वेळात चारही इंजिने बंद पडली.

का, ते समजून घेण्यासारखे आहे. ज्वालामुखीची राख म्हणजे काचेसारख्या दगडाची बारीक पूड. इंजिनाच्या पोटातल्या उष्णतेत ती वितळते, पुढच्या पात्यांवर जाऊन चिकटते आणि तिथे पुन्हा घट्ट होते. हवेची वाट अडली की इंजिन गुदमरते. जितका जोर जास्त, तितकी उष्णता जास्त आणि राखही जास्त ओढली जाते. म्हणजे बाहेर पडण्यासाठी दिलेला जोरच घातक ठरला. विमान सुमारे २७,९०० फुटांवरून १३,३०० फुटांपर्यंत खाली आले. त्या उतरणीत वैमानिकांनी इंजिने सुरू करण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा केला. थंड झाल्यावर काचेचा थर तडकून सुटू लागला, आधी दोन इंजिने लागली, मग उरलेली दोन. विमान अँकरेजला सुखरूप उतरले, एकही जीव गेला नाही. मात्र चारही इंजिने बदलावी लागली आणि नुकसान ८ कोटी डॉलरच्या घरात गेले.

असाच प्रसंग २४ जून १९८२ ला ब्रिटिश एअरवेजच्या ७४७ वर जावा बेटाजवळ आला होता. लंडनहून निघून मुंबई आणि क्वालालंपूर करत ते विमान पर्थकडे चालले होते. कप्तान एरिक मूडी यांनी प्रवाशांना सांगितले की एक छोटीशी अडचण आहे, चारही इंजिने थांबली आहेत, आणि ती चालू करण्यासाठी आमचा आटोकाट प्रयत्न चालू आहे. इंजिने खरोखर चालू झाली आणि विमान जाकार्ताला उतरले.

या दोन्ही घटनांच्या चौकशीत कोणी वैमानिकाची मान पकडली नाही. निष्कर्ष मात्र निघाले. राखेत शिरलात तर जोर कमी करा आणि आल्या वाटेने मागे वळा, हे आता वैमानिकांच्या यादीत लिहिलेले असते. पुढे राखेवर नजर ठेवणारी नऊ केंद्रे जगभर उभी राहिली. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीमुळे युरोपचे आकाश जवळजवळ सहा दिवस बंद होते. तेव्हा स्किपोलवर किंवा मुंबईत अडकून पडलेल्या मंडळींनी विमान कंपन्यांना बोटे मोडली असतील. पण त्या सक्तीच्या मुक्कामामागे १९८२ आणि १९८९ चे हेच धडे होते. केएलएम ८६७ वर चित्रपट करायचा तर पटकथाकाराची पंचाईत होईल. नायकाने जे केले ते चुकीचे निघाले, तरी तो नायकच राहिला, आणि चुकीचे का ते शोधणारेही सज्जनच होते! अशी कथा तिकीटबारीवर चालत नाही. आयुष्यात मात्र तीच कामाला येते.

‘सली’मध्ये चौकशीवर अविश्वास ओढूनताणून आणला आहे. ‘रॅम्पफ्लुख्त’, म्हणजे ‘आपत्तीचे उड्डाण’, या मालिकेत तो अविश्वास खऱ्या जखमेतून आलेला आहे. ४ ऑक्टोबर १९९२ च्या रविवारी संध्याकाळी स्किपोलवरून एल अल कंपनीचे मालवाहू बोइंग ७४७ तेल अवीवकडे निघाले. काही मिनिटांतच उजव्या पंखाचे आतले इंजिन निखळले, त्याने बाहेरच्या इंजिनाला धडक दिली आणि दोन्ही इंजिने खोयमेर सरोवरात पडली. वैमानिकांना मात्र एवढेच कळले की तीन आणि चार क्रमांकाची इंजिने गेली आणि आगीचा इशारा वाजतो आहे. इंजिने ‘बंद पडली’ असे त्यांना वाटत होते. ती पंखावर उरलीच नाहीत, पंखाची पुढची कडही उखडली आहे, हे त्यांना कॉकपिटमधून दिसत नव्हते. वेग जास्त होता तोवर विमान कसेबसे सरळ राहिले. उतरण्यासाठी वेग कमी करताच जखमी पंखाने साथ सोडली. ६ वाजून ३५ मिनिटांनी विमान बाइल्मरमधल्या ग्रुनेफेन आणि क्लाइन-क्राउटबर्ख या उंच इमारतींवर कोसळले. विमानातले ४ आणि जमिनीवरचे ३९, असे ४३ मृत्यू अधिकृतपणे नोंदले गेले. इमारतींत सुरिनाम, घाना, अँटिल्स इथून आलेली कुटुंबे राहत होती. त्यांत कागदपत्रे नसलेलीही माणसे होती, म्हणून त्या आकड्याविषयी शंका कधी पुरती मिटली नाही.

लॉरेन्स ब्लॉक यांनी दिग्दर्शित केलेल्या या पाच भागांच्या मालिकेचा भर कॉकपिटवर नाही. बाइल्मरमध्ये काम करणारी तरुण पशुवैद्य आशा (जॉय डेलिमा) आणि विन्सेंट डेकर व पिएर हायबूर हे दोन पत्रकार यांच्या मागे कथा जाते. लोक आजारी का पडताहेत, विमानात माल कोणता होता, सरकार नीट उत्तर का देत नाही, हे तिचे प्रश्न. विमानाच्या शेपटीत समतोलासाठी युरेनियमची वजने होती. मालात सारिन या विषारी वायूच्या निर्मितीत लागणारे एक रसायन होते, हे उघडकीला यायला १९९८ साल उजाडले. १९९९ मध्ये संसदेच्या मायर समितीने सरकारी यंत्रणेवर कडक ताशेरे ओढले. मालिका हा सारा काळ हळूहळू, माणसांच्या चेहऱ्यांवरून सांगते. डेलिमाचा अभिनय संयत आहे. तिच्या रागाला आवाज कमी आहे म्हणूनच तो टोचतो. परक्या देशात सरकारी खिडकीपुढे उभे राहून ‘आमचे कोणी ऐकते आहे का’ असे वाटण्याचा अनुभव आपल्यालाही अगदीच अपरिचित नाही, म्हणून ही मालिका आपल्याला दुसऱ्या कोणाची वाटत नाही.

तक्रार आहे ती दोन बाबतींत. पहिली, पत्रकार खऱ्या नावाचे आणि नायिका कल्पित. हे मिश्रण डच प्रेक्षकाला ठाऊक असेल, पण ज्याने त्या काळातली वर्तमानपत्रे वाचलेली नाहीत त्याला खरे कुठे संपते आणि रचलेले कुठे सुरू होते ते कळत नाही. गुपित उघड करण्याचा दावा करणाऱ्या कलाकृतीने तरी ही रेघ ठळक ठेवायला हवी होती. दुसरी तक्रार अधिक मोठी. मालातल्या रहस्याच्या झोतात इंजिन का पडले हा प्रश्न अंधारात ढकलला जातो. त्याचे उत्तर रहस्यमय नाही, कंटाळवाणे आहे. इंजिन पंखाला धरून ठेवणाऱ्या खिळी धातू थकून तडकल्या होत्या. याच जातीचे मालवाहू विमान डिसेंबर १९९१ मध्ये तैवानमध्ये इंजिने निखळून पडले होते. बाइल्मरनंतर बोइंगने ही जोडणी नव्याने रचली. जी चौकशी चोख झाली ती तांत्रिक होती, आणि जी टाळली गेली ती माणसांबद्दलची होती. हा फरक मालिकेने दाखवला असता तर तिचा राग अधिक नेमका झाला असता.

तरीही दोन्हींतून एक निवडायची तर मत ‘रॅम्पफ्लुख्त’ला. ‘सली’ अधिक रेखीव आहे, पण तो प्रेक्षकाला सुखाने झोपवतो. डच मालिका अडखळते, लांबते, पण योग्य जागी बोट ठेवते. इंजिन बिघडल्यावर कॉकपिटमध्ये जो नियम चालतो, तोच जमिनीवरही चालायला हवा, हे तिच्याकडे पाहून कळते. काय दिसते ते मोठ्याने सांगा, दुसऱ्याला तपासू द्या, खात्री होईपर्यंत दांडा ओढू नका. विमानात हा नियम मोडला तेव्हा केगवर्थ झाले. जमिनीवर मोडला तेव्हा बाइल्मरची माणसे सहा-सात वर्षे उत्तरासाठी ताटकळली.

अहमदाबादच्या बाबतीत महिनाभराने आलेल्या प्राथमिक अहवालाने दोन्ही इंजिनांचे इंधन तोडणारे खटके एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेल्याचे नोंदवले. ते का गेले हे त्यात म्हटले नव्हते आणि दोषही कोणाला दिला नव्हता. तरी निकालांचा पाऊस थांबला नाही. गेलेल्या वैमानिकांना उत्तर देता येत नाही, त्यांच्या घरच्यांना मात्र ते निकाल वाचावे लागतात. चौकशी लांबली, दडपली जाते आहे अशी शंका आली, तर बाइल्मरच्या रहिवाशांसारखे चिकाटीने विचारत राहावे. तो आपला हक्क आहे. पण विचारणे वेगळे आणि निकाल लावणे वेगळे.

मुलांसोबत ‘सली’ जरूर पाहा, सोबत त्यांना केएलएम ८६७ ची गोष्टही सांगा. मुले थोडी मोठी असतील तर ‘रॅम्पफ्लुख्त’ पाहा आणि एखाद्या ४ ऑक्टोबरला बाइल्मरच्या स्मारकाला जा. तिथे त्या संध्याकाळी वाचलेले एक झाड आहे, त्याला इथले लोक ‘ज्याने सगळे पाहिले ते झाड’ म्हणतात. आणि पुढच्या वेळी मुंबईच्या विमानात बसल्यावर, समोरच्या खिशातले सुरक्षेचे कार्ड एकदा वाचून पाहा. खिडकीतून काही वावगे दिसले, तर संकोच न करता हवाई सुंदरीला सांगा. कप्तानाला ते दिसत असेलच, असे धरून चालू नका.